पोटात गाठ होती म्हणे

१२ फेब्रुवारी, दुपार

दादा,

नमस्कार. वहिनीला आणि चिंगीलाही सांग. इकडे ठीक आहे. दवाखान्याचं गळकं छत एकदाचं बुजवलं. माझी टाच अजून कुरकुरते. मुलींच्या शाळेतली लसीकरणाची पहिली फेरी काल संपली, दोनशे अकरा मुली झाल्या. एक चक्कर येऊन पडली, तीही टोचायच्या आधीच, नुसती सुई बघून.

तुझा फोन आला तेव्हा समोर रांग होती, म्हणून ऐकून घेतलं. आता उत्तर देते.

चिंगीला लस मी टोचली. चोरून नाही. संमतीपत्रावर आईवडिलांपैकी एकाची सही लागते, ती वहिनीने केली, चांगली ठसठशीत. तिच्यावर डाफरू नकोस. डाफरायचंच असेल तर माझ्यावर डाफर, मला सवय आहे.

तू म्हणालास, असली लस 'तसल्या' मुलींना देतात. तसल्या म्हणजे कसल्या, दादा? गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्या विषाणूने होतो, तो बहुतेक माणसांना कधी ना कधी गाठतोच. एकाच नवऱ्याशी जन्म काढलेल्या बाईलाही. पुरुषांनाही तो सोडत नाही, त्यांच्या घशात कॅन्सर करतो. लस बाराव्या वर्षी देतात ती याचसाठी. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

गेल्या वर्षी मी प्रशिक्षणाला गेले होते ना, तिथे सात देशांतल्या नर्स होत्या. एकीची भाषा दुसरीला कळेना. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरातलं कुणी या रोगाने गेलंय का? दुभाष्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर जायला लागले. हा रोग हद्दपार करायचा असं जगभरच्या देशांनी मिळून ठरवलंय. शंभरातल्या नव्वद मुलींना लस, सत्तर बायकांची तपासणी, आणि दोष निघेल त्यांतल्या नव्वद जणींना उपचार. आणि माझा सख्खा भाऊ विचारतो, लोक काय म्हणतील.

माझा हात वर गेला नाही. मी तो मांडीखाली दाबून बसले होते.

आईला काय झालं होतं ते तुला ठाऊक आहे. आठ महिने रक्त जात होतं आणि ती आपण उठायच्या आत चादरी धुऊन टाकायची. रिपोर्ट तू खिशात घातलास आणि मला म्हणालास, "पोटात गाठ होती म्हणून सांगायचं. दुसरं काही नाही." मी मान डोलावली. मावशीलासुद्धा तेच सांगितलं. तीन वर्षांनी मावशी त्याच रोगाने गेली. तपासून घे, असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं. मीही नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. प्रशिक्षणात आमचीही तपासणी झाली. माझ्यात दोष निघाला. कॅन्सर नव्हे, त्याच्या आधीची पायरी. त्या पेशी दहा मिनिटांत जाळून टाकल्या, दुसऱ्या दिवशी मी वर्गात हजर. गेल्या महिन्यात पुन्हा तपासलं, सगळं साफ आहे. पण बायकांना रोज धीर देणाऱ्या मी स्वतःचा रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली दडवला. वर्षभर. तेव्हा दोष एकट्या तुझ्या माथी मारत नाही. मारला असता तर सोपं गेलं असतं.

शनिवारी शाळेत पालकांची सभा आहे. चाळीस घरांनी नकार कळवलाय आणि मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलायला बोलावलंय. मी आईचं सांगणार आहे, मावशीचं सांगणार आहे आणि माझंही. रोगाचं नाव घेऊन. तुझी परवानगी मागत नाही, नुसतं कळवते. आलास तर पुढच्या रांगेत बस, वहिनीशेजारी. नाही आलास तरी सभा चारला सुरू होईल.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने गेलेल्या बाईची मुलगी,
आणि तुझी धाकटी बहीण