खेळाडूंचे मत घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

५ मार्च, सोमवार

एक कोडे बरेच दिवस मनात आहे. सभेत "कुणाला काही बोलायचे आहे का?" असे विचारले की सगळे मान खाली घालून आपापले बूट पाहतात, आणि सभा संपली की तीच माणसे दाराबाहेर अर्धा अर्धा तास बोलत उभी राहतात. असे का? उत्तर आज सापडले. विचारणाऱ्याची पद्धत चुकते.

आजपासून कारखान्याच्या फुटबॉल संघाचा मी मॅनेजर. प्रशिक्षण विभागातील अनुभव अखेर कामी येणार. आधीचे मॅनेजर नुसते हुकूम सोडत. मी प्रत्येकाचे मत घेणार.

८ मार्च, गुरुवार

पहिली बैठक. विचारविनिमय म्हणजे काय, ते व्हाइटबोर्डवर तीन रंगांत समजावले. मग प्रश्न टाकला: आपण कसे खेळावे? कॅप्टन (हा वेल्डर आहे) म्हणाला, "सर, तुम्ही सांगा, आम्ही खेळतो." हे उत्तर मुळातच का चुकीचे आहे, याचे सविस्तर विवेचन केले. पटले असावे, एकानेही आक्षेप घेतला नाही.

सराव राहिला. अंधार पडला होता.

११ मार्च, रविवार

ताई आणि भाऊजी जेवायला. भाऊजी कारखान्यात क्रेन चालवतात आणि आमचे गोलकीपर आहेत. हात धुता धुता म्हणाले, "मेहुणेबुवा, जरा या उजव्या खांद्याचं..." मी तिथेच थांबवले. घरात ऐकून घेतले तर इतर खेळाडूंवर अन्याय होईल. गुरुवारच्या बैठकीत सर्वांसमक्ष मांडा, असे नम्रपणे सुचवले.

ताई म्हणाली, "अरे, त्या कुशीवर झोपता येत नाही त्यांना. उद्या हातच गेला तर क्रेन कोण चालवणार, तू?"

गादी बदलून पाहा, म्हटले. ताईला लहानपणापासून प्रत्येक गोष्ट वाढवून सांगण्याची सवय आहे.

१५ मार्च, गुरुवार

अत्यंत यशस्वी बैठक. नेतृत्वाचे तीन प्रकार आकृत्यांसह. शेवटी प्रत्यक्ष विषय: गोलात कोण?

भाऊजींनी हात वर केला. डावा. (सवय चुकीची आहे, पुढे कधीतरी सांगावे.) माझ्या कारकिर्दीतला पहिला वर आलेला हात! मी भाषण थांबवून सर्वांना टाळ्या वाजवायला लावल्या. ते "सर, मला असं म्हणायचं..." म्हणून अडखळले, तेव्हा संकोच ओळखून वाक्य मीच पूर्ण केले: सगळ्या बचावफळीची जबाबदारी घ्यायला ते तयार आहेत. पुन्हा टाळ्या. मतदान घेतले. सगळे हात वर, त्यांचा सोडून. विनय.

जाताना दाराबाहेर सगळे बराच वेळ बोलत होते. विचारविनिमय रुजतो आहे.

१८ मार्च, रविवार

सामना. ०–३.

पहिले दोन गोल एकाच कोपऱ्यात, भाऊजींच्या उजवीकडे वर. योगायोग. तिसऱ्याचे कारण सैद्धांतिक आहे. हाफटाइमला बचावपटूंनी पुढे सरकावे की मागे थांबावे, यावर खुली चर्चा ठेवली. प्रस्तावना संपत आली आणि शिट्टी झाली. दोघांना वाटले ठरले, दोघांना वाटले राहिले. दोघे पुढे, दोघे मागे, मधून त्यांचा फॉरवर्ड चालत गेला. अक्षरशः चालत.

पद्धत बरोबर, वेळ कमी पडला. पुढच्या वेळी प्रस्तावना बसमध्येच उरकणे.

२० मार्च, मंगळवार

राखीव गोलकीपर (पेंट शॉपमधला) ऑफिसात आला. बसलाही नाही. म्हणाला, "सर, भाऊजींना बाहेर बसवा." (सगळा संघ त्यांना भाऊजी म्हणू लागला आहे. हे मला फारसे रुचत नाही.) त्याला हितसंबंधांचा संघर्ष ही संकल्पना उदाहरणांसह समजावली. तो हसला. "मला कसली हौस सर? बायको म्हणते, रविवारचं घरात पंखे पूस. पण त्यांना बसवा."

नळावर वेल्डर कुणाला तरी सांगत होता, "जुना साहेब शिव्या घालायचा. पण दुखतंय म्हटलं की बाहेर काढायचा."

माणसाला गेलेला काळ गोड लागतो. तरीही मन अस्वस्थ. कदाचित हे लोक विचारविनिमयासाठी अजून तयार नसावेत. गुरुवारपासून हुकूम.

२२ मार्च, गुरुवार

हुकूम क्रमांक एक: प्रत्येकाने मोकळेपणाने मत मांडावे. कुणीही मांडले नाही. शिस्तीचा प्रश्न आहे.

हुकूम क्रमांक दोन: रविवारी गोलात भाऊजीच. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला हुकूम कसा सोडायचा, हे कोणत्याही पुस्तकात नाही. "कृपया" लावून सोडला. त्यांनी डाव्या हाताने हातमोजे उचलले. मग म्हणाले, "बरं, सर."

हुकूम सोपा असतो. उगाच इतके दिवस घालवले.

२५ मार्च, रविवार

दुसऱ्या डावात... दुसऱ्या हाफमध्ये भाऊजींनी उजवीकडे झेप घेतली. बॉल अडवला. उठले नाहीत.

हॉस्पिटल. डॉक्टरांनी विचारले, कधीपासून दुखतंय? दोन महिने, म्हणाले. माझ्याकडे बघितले नाही. खांद्यातला स्नायू फाटला आहे. ऑपरेशन. सहा महिने क्रेन बंद, पुढचे नंतर पाहू. क्रेनचा दांडा उजव्या हाताला असतो.

मी ताईला परिस्थितीची पार्श्वभूमी समजावू लागलो. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुझ्याकडे माणूस सांगायला येतो आणि ऐकून परत जातो रे."

आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता.

२८ मार्च, बुधवार

व्यवस्थापनाने संघ वेल्डरकडे दिला आहे. मला सल्लागार नेमले आहे. बैठकांना येण्याची आवश्यकता नाही, असे कळवले.

विचारावे की हुकूम सोडावा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मात्र त्याआधी करून पाहण्याजोगी एक साधी चाचणी सुचली. कोणालाही जमेल, साधनसामग्री लागत नाही. ज्याचे मत आपण शेवटचे घेतले, त्या माणसाचे एक पूर्ण वाक्य आठवून कागदावर लिहायचे. त्याच्याच शब्दांत. आपण पूर्ण केलेली वाक्ये धरायची नाहीत. मुदत: समोरचा चहा निवेपर्यंत.

भाऊजींपासून सुरुवात केली.

चहा निवला.