पाहुण्यांसाठी आवरलेलं घर

प्रिय परश्या,

अक्षर बघून दचकू नकोस. तुझी आज्जी या वयात शाळेत गेलेली नाही. समोरच्या जयाबाई, ज्यांनी तुला तिसरीत दोनदा बसवलं, त्या लिहितायत आणि मी सांगतेय. त्यांना आधीच अट घातलीय, शुद्ध काय लिहायचं ते लिहा, पण माझं तिरकं बोलणं सरळ करायला जाऊ नका. त्या म्हणाल्या, "मनुबाई, आता पत्रं कोण पाठवतं? फोन लावा." म्हटलं, फोन लावला की तो कट करतो. कागद कट करता येत नाही. फार तर फाडता येतो, आणि फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतोच. पत्ता निपाणीच्या तुझ्या दोस्तानं, किशननं दिला. त्याला शिव्या देऊ नकोस. तीन वेळा चहा पाजून आणि एकदा रडून मी तो काढून घेतलाय. रडणं नाटकी होतं असं सांगणार होते, पण नव्हतं.

तू इचलकरंजीत दुसऱ्याच्या मागावर बारा तासांची पाळी करतोस म्हणे. आणि खोलीवर सहा जण, एका दोरीवर सहा जणांचे टॉवेल. किशन सांगताना हसत होता, मला हसू आलं नाही. आठ महिने झाले, बाळा. वडगावपासून इचलकरंजी म्हणजे काय विलायत न्हाय. निपाणीला गाडी बदलली की पोचलं. पण तू पोचत नाहीस.

घर आहे तसंच आहे. म्हणजे तू गेलास त्या दिवशी होतं तसं, पाहुण्यांसाठी आवरलेलं. गल्लीतल्या बायका अजून बघायला येतात. बचत गटातल्या एकीनं तर फोटो काढून नेले आणि स्वतःच्या घरी सगळं तसंच करून घेतलं, वर मलाच विचारते, "आज्जी, तुम्ही कुठं बघितलं हो हे?" म्हटलं, माझ्या सुनेच्या फोनमध्ये एक बाई राहते, ती सांगते.

तुझ्या आईला त्या फोनमधल्या बाईचं वेड कधी लागलं ते तुला ठाऊक नसेल. तुझ्या लग्नासाठी घर बघायला आलेली अकरावी पार्टी नकार देऊन गेली ना, त्या रात्री. पोरगा चांगला, निर्व्यसनी, पण पुढच्या सोप्यात माग आहे आणि मागच्या एका खोलीत तिघं राहतात, असं निरोपात आलं. त्या निरोपावर मी लई बोलले. अंजनीनं भांडी घासली आणि ती फोन घेऊन बसली. त्या बाईचं म्हणणं एकच, विकत काही आणू नका, घरात पडलेलंच वापरा. आपल्या घरात काय पडलेलं असणार? मागाचं सामान. मग सुताच्या रिकाम्या कांड्या भिंतीत ठोकल्या, झाल्या खुंट्या. तुटकी फणी आडवी टांगली, तिच्या दातांत लाईटची बिलं खोचली. डाग निघाला म्हणून व्यापाऱ्यानं परत पाठवलेल्या दोन साड्यांचे पडदे केले, डाग नेमका चुणीत जाईल असा शिवला. तुझ्या आईच्या हाताला कला आहे, हे मी अठ्ठावीस वर्षांत तिला कधी सांगितलं नाही. जयाबाई, हे लिहा. डिझाईनचे ते भोकाभोकांचे जुने पुठ्ठे तिनं बल्बाभोवती गोल शिवले. दिवा लावला की भिंतभर ठिपके पडतात, बुट्टीदार साडी वाळत घातल्यासारखे. दोन ट्रंका जोडून वर वाकळ टाकली, तो सोफा. बसलं की कुरकुरतो, तुझ्या आज्ज्यासारखा. चुन्यात नीळ कालवून भिंतीला दोन हात मी दिले. खालचा निम्मा भाग माझा आहे, वर माझा हात पोचत नाही.

डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या म्हणाली. म्हटलं, मला त्यांचा काय उपयोग, मला चिठ्ठी आणि झुरळ सारखंच दिसतं. मग तिनं प्रत्येक डब्याच्या गळ्यात सूत बांधलं. मिरचीला लाल, हळदीला पिवळं, साखरेला पांढरं एका गाठीचं, मिठाला पांढरं दोन गाठींचं. तरी एकदा चहात मीठ पडलं. मी तिलाच ओरडले, गाठी नीट मारत जा म्हणून. तिनं परत नीट मारल्या. मला माहीत होतं की मी मोजल्या नव्हत्या.

आता त्या बाराव्या पाहुण्यांचं. जयाबाई मघापासून विचारतायत, चार दोऱ्यांवरनं पोरगा घर सोडून कसा जाईल? त्या मास्तरीण, त्यांना काय कळणार. त्यांना मी समजावलं ते तुला नव्यानं सांगायची गरज नाही, पण लिहून झालंय तर राहू दे. मागावरचा ताणा, म्हणजे उभे दोरे, संपला तरी त्याची टोकं काढायची नसतात. ती वहीतून, म्हणजे दोरे ओवायच्या भोकांच्या चौकटीतून, आणि फणीतून तशीच उभी ठेवायची. नवा ताणा आला की एकेक दोरा त्या जुन्या टोकाला गाठ मारून सांधायचा आणि पुढं ओढून घ्यायचा. म्हणून तर आपल्यात म्हणतात, फणी मोकळी ठेवू नये, घर मोकळं होतं. आपल्या मागाची फणी तुझ्या बापानं भरली होती. तो वारला त्याच्या आदल्या वर्षी, नवी वही आणली तेव्हा, अडीच दिवस खाली बसून, एकेक दोरा. त्यानंतर नऊ वर्षं तू जे काय विणलंस ते त्या टोकांना सांधून विणलंस. तू कधी बोलला नाहीस, पण सांधताना तू दिवा लावून घ्यायचास आणि कुणाशी बोलायचा नाहीस, ते मला दिसायचं. मी आंधळी झाले नव्हते तेव्हा.

खानापूरकडच्या त्या पोरीच्या आईचा फोन आला, आठवतंय? पोरगी बारावी शिकलेली, देखणी. आई म्हणाली, घर बघायला येतो, पण मुलगी मागाच्या खटखटीत नांदणार नाही, माग बंद असला तर पुढं बोलू. महिनाभर तुला काम नव्हतं, ताणा आला नव्हता. माग उगाच उभा होता, टोकं लोंबत, वर कापसाची धूळ. तू सूत बघायला निपाणीला गेलतास. दुसऱ्या दिवशी पाहुणे. संध्याकाळी तू आलास तेव्हा मागावर स्वच्छ चादर, चादरीवर पितळेचा तांब्या आणि तांब्यात गुलबक्षी. तू चादर उचललीस. खाली वही रिकामी, फणी रिकामी. आणि तुझी आई पडद्याच्या किनारी कापत खाली बसलेली, हातात कात्री.

तू म्हणालास, "आई, तू?" एवढंच. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. मी भाजी निवडत होते. मी शेंगांच्या शिरा काढत राहिले. त्या दिवशीइतकी स्वच्छ भाजी मी जन्मात निवडली नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, आणि काय सांगू, घर त्यांना आवडलं रे. पोरीची आई पडद्याला हात लावून बघत होती. आणि मग पोरीचा तो मामा, पोहे खात, सुपारीच्या डब्याकडं डोळा ठेवून म्हणाला, "माग तर दिसत नाही. मग मुलगा करतो काय?" अकरा पार्ट्या म्हणाल्या माग आहे म्हणून नको, आणि हा शहाणा म्हणतो माग नाही म्हणून नको. मी हसले असते, पण तुझं तोंड बघितलं. तू म्हणालास, "मी काय करत न्हाय," आणि उठून मोरीत हात धुवायला गेलास. पोह्यांना तू हात लावलाच नव्हतास. सकाळी पिशवी घेऊन निघालास. माझ्या पाया पडलास. आईच्या पडला नाहीस.

तेव्हापासून तुझी आई काय करते सांगू? आवरते. रोज. आवरायला काही उरलेलं नाही तरी आवरते. ट्रंका या भिंतीची त्या भिंतीला. पडदे धुते, परत लावते. मागची खोली तुझी केलीय. तिथं तुझ्या शर्टांसाठी फळांच्या पेट्यांचं कपाट केलंय, निळा रंग दिलाय, आणि तुझे राहिलेले दोन शर्ट दर आठवड्याला इस्त्री करून परत त्यात ठेवते. कोण बघायला येणार आहे, असं मी विचारलं. म्हणाली, "कुणी न्हाय, आत्ती." आणि कोपरा पुसायला लागली. फोनमधल्या बाईनं घर कसं भरायचं ते सगळं सांगितलं. भरलेल्या घरात कुणीच नसलं तर काय करायचं, ते तिला विचारायला हवं होतं.

मी एकदा गुपचूप प्रयत्न केला. अंजनी रेशनला गेली होती, मी मागाखाली बसले आणि दोरा वहीत घालायला लागले. बोटांना गाठ अजून येते, पण डोळ्याला भोक सापडत नाही. दोन तासांत चौदा दोरे गेले, त्यातले किती बरोबर देव जाणे. मग उठता येईना. तशीच बसून राहिले. तुझ्या आईनं येऊन उठवलं, आणि ते चौदा दोरे बघून एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता ज्याच्यासाठी जयाबाईंची दुपार खाल्ली ते सांगते. बाई, पेन खाली ठेवू नका, हे पुरं लिहा. परशराम, ती टोकं तुझ्या आईनं तोडली नाहीत. ती पाहुण्यांसाठी पोहे आणायला शहापूरला गेली होती तेव्हा मी तोडली. तिच्या कात्रीनं तोडली, हातानं ओढून काढली, बोळा करून चुलीत घातली. मला माहीत होतं ती कुणाच्या हातची आहेत. माझ्याच पोटच्या पोराच्या. मला वाटलं, गेलेल्याला धरून ठेवण्यात जिवंत पोरगा म्हातारा व्हायला लागलाय, एकाचा हात सोडवल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात कुणी हात देणार नाही. असं मला वाटलं. तू "आई, तू?" म्हणालास तेव्हा मला बोलायचं होतं आणि तोंड उघडलं नाही, कारण तू माझ्याकडं तसं बघितलेलं मला सोसवलं नसतं. घरातलं कुठलंही खापर फुटलं की ते अंजनीच्या डोक्यावर फोडायची मला सवय आहे, तिला ते झेलायची. रात्री मी तिला विचारलं, का गप बसलीस? म्हणाली, "आईवर पोरगा रुसतो, आत्ती, आणि परत येतो. पण त्याच्या बापाच्या आईनं केलं म्हणून कळलं, तर त्याला बापाचं म्हणून धरायला कोण राहिलं?" तिचा हिशेब चुकला. तू आईवरच रुसलास आणि आलाच नाहीस. तिच्या पोटात गाठ आहे, परश्या. दवाखान्यात सांगितलंय, या महिन्याच्या आत काढायला पाहिजे, उशीर झाला तर काढून उपयोग नाही. ती जायला तयार नाही. कुणासाठी काढायची, म्हणते, आणि परत झाडू घेते. मी हात जोडले, शिव्या दिल्या, जेवण सोडलं. माझ्या सांगण्याला या घरात किंमत होती तेव्हा मी ती भलत्या कामाला खर्चली. आता उरली नाही. तू येऊन तिला एकदा आई म्हण आणि रिक्षात बसव. माझ्याशी बोलायची गरज नाही, माझं तोंडही बघायला नको. किशनकडनं फक्त दिवस कळव. त्या दिवशी तुझी गाडी यायच्या आधी मी बेळगुंदीला, माझ्या भावाच्या पोराकडं, रवळूकडं गेलेली असेन. त्याला सांगून ठेवलंय. त्यानं विचारलं, "किती दिवसांसाठी येताय, आत्या?" म्हटलं, ते परश्या ठरवेल.

तू म्हणशील तर तुझीच,
आज्जी
(मनुबाई, अंगठा डाव्या हाताचा)