कैलासराव पालवे यांना काहीही मिळणार नाही

मी, सुकन्या केरू पालवे, वय चोवीस, शिक्षण बी.ए., राहणार पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. माझ्या शुद्धीविषयी थोरला भाऊ अजिनाथ यास शंका आहे. ती मी घरातली पहिली पदवीधर झाले तेव्हापासूनची असल्याने ग्राह्य धरू नये. मला कोणताही आजार नाही. गेल्या महिन्यात मी मृत्युपत्राविषयी शिबिर भरवलं होतं. लोकांनी चहा घेतला, टाळ्या वाजवल्या आणि "आमी कुठं मरतोय इतक्यात" म्हणत घरी गेले. कुणीतरी सुरुवात करायला हवी.

१. माझी स्कूटी वहिनी आरती यांना. त्यांना ती चालवता येते, हे अजिनाथला माझ्या मृत्यूनंतरच कळावं.

२. माझी पुस्तकं भाची दिशा हिला. कपाट रिकामं करून त्यात काचेचे कप मांडू नयेत.

३. राहत्या घरात पुढेमागे माझा जो हिस्सा निघेल, तोही दिशालाच. अट एकच: दारावरच्या पाटीवर तिच्या आजोबांचं नाव 'केरू' असंच राहील. सुप्याच्या कंपनीत लागल्यावर अजिनाथने 'कैलास निवास' अशी ग्रॅनाइटची पाटी करून आणली आहे. दगड चांगला आहे. त्यावर चटणी वाटावी.

४. कैलासराव पालवे यांना काहीही मिळणार नाही, कारण असा माणूस आमच्या घरात नाही. ते प्रथम अवतरले अजिनाथच्या लग्नपत्रिकेत, वराचे वडील म्हणून. वडिलांनी पत्रिका वाचून विचारलं होतं, "ह्ये कैलासराव कोन? त्यास्नी बोलावलंय न्हवं?" सगळे हसले, वडीलही. मला हसू आलं नाही.

५. ज्यांना लाज वाटते त्यांच्या माहितीसाठी: केरू म्हणजे केरातला. हे नाव आता कुणी ठेवत नाही. आजी गोजरबाईची आधीची मुलं पाळण्यातच गेली. म्हणून हे मूल जन्मताच तिने अंगणातल्या केरावर ठेवलं. शेजारच्या रूथबाई साळवे सहज आल्यासारख्या आल्या, कुणी टाकलं म्हणून विचारलं आणि उचलून घरी घेऊन गेल्या. आजीने सूपभर बाजरी देऊन आपलंच मूल परत विकत घेतलं. टाकाऊ पोराकडे मरण बघणार नाही, अशी समजूत. आजी मला सांगायची, "जगावा म्हनून केर म्हनलं गं त्याला." शास्त्राच्या दृष्टीने हा उपाय निरुपयोगी आहे, हे मी पुढच्या शिबिरातही सांगेन. पण मोबाईलवर शोधलेल्या नावात एवढी भीती आणि एवढी माया मावत नाही.

६. वडिलांचं नाव बदलण्याचा कागद अजिनाथने तयार आणला आहे. उद्या सोमवारी त्यावर त्यांची सही व्हायची आहे. वडील म्हणतात, "पोराची लाज ऱ्हाती तर करू की." माझ्या पदवीवर मधलं नाव केरू आहे. उद्यापासून मी कुणाची मुलगी, तेवढं अजिनाथने त्याच कागदाच्या पाठीमागे लिहून द्यावं.

७. वडिलांना मी काहीही ठेवलेलं नाही. हा विसर नव्हे. ज्याला काही मिळणार त्याने मृत्युपत्रावर साक्ष घालू नये, असं वकील सांगतात; आणि मला साक्ष त्यांचीच हवी आहे.

स्थळ: पाथर्डी
रविवार, १२ जानेवारी २०२५

लिहून देणार: सुकन्या केरू पालवे

साक्षीदार पहिले: योहान साळवे (रूथबाईंचे चिरंजीव)

साक्षीदार दुसरे: (एवढं सही होताना लिहिलं आहे.) वडिलांनी सगळं वाचून घेतलं आणि पेन हातात घेतलं. अजिनाथ म्हणाला, "आबा, उद्या बदलायचंच हाय. कैलासच लिवा."

वडील म्हणाले, "आईनं सूपभर बाजरी दिलीया, बाबा."

केरू भिवा पालवे