पंपामागची डमी

बाबा, तुझा ट्रॅक्टर अंगणात उभा आहे आणि मी त्याच्याखाली. म्हणजे आत्ता नाही, आत्ता पायरीवर बसून लिहितोय. इंजिनच्या ब्लॉकला बाजूने पत्र्याच्या गोल वाट्या ठोकलेल्या असतात ना, पाणी आत अडवणाऱ्या, तू डमी म्हणायचास, त्या सडल्यात. एक गळाली म्हणून बदलली, तर शेजारची गळाली. पाऊस तोंडावर आलाय, चिंचणीच्या वाळूवरून होड्या याच ट्रॅक्टरने ओढून वर घ्यायच्यात, आणि आई सगळ्यांना सांगून बसलीय, पोरगा आलाय, तो करतोय.

डम्या आणायला बोईसरला गेलो. वाटेत एका कलिंगडवाल्याशी बोलण्यात दुपार गेली, तो भुजचा निघाला, मी भुजला राहिलोय, असो. दुकानातल्या मिस्त्रीने सडकी डमी नखाने खरवडली आणि बोट जिभेला लावलं. "कौनसा पानी डालता है?" म्हटलं, वाडीतल्या विहिरीचं. "ये तो दर्या है, भाई. मछली भी निकलेगी." ते पाणी तूच घालायचास. विहीर गोडी होती तेव्हा घातलंस, मचूळ झाली तरी घालत राहिलास, आपली विहीर हाय म्हणून. तुझ्या मागे आईनेही तेच घातलं. आता सांगून काय.

घिवलीच्या किनाऱ्यावरची ती सकाळ आठवते. होडी अर्धी पाण्यात, दोर ताणलेला, आणि ब्लॉकमधून धार. तू होडीच्या फटीत भरतात तसा कापूस राळेत मळतोयस, डमीच्या भोकात ठोकतोयस. मी म्हणतो, बोईसरहून माणूस आणू. "आन. तवर भरतीला सांग, थांब जरा." सगळे हसतात. होडी वर येते. मी थोड्याच दिवसांत घरातून निघालो, त्यामुळे नाही, कशामुळे ते मलाच नीट माहीत नाही.

बाकीच्या बसल्या. राहिली डिझेल पंपामागची. तिथे हातोडी फिरत नाही. पंप काढला तर परत बसवून टायमिंग लावणं मला येत नाही. कडेला गम लावून, कुशीवर झोपून, सळई धरून, टकटक करत बसवली. बोट फिरवलं की एका बाजूला कड जरा वर लागते, म्हणजे तिथून गळणार. लागते की वाटते, तेही कळत नाही. तू असतास तर बोट न लावता सांगितलं असतंस.

काल तो म्हातारा नाखवा आला, ज्याची होडी अजून खाली आहे. "काय रं, होनार काय, का आमी पोरं लावू दोराला?"

"होणार, काका."

"तुजा बाप पन असाच बोलायचा. पन तवा टॅक्टर चालायचा."

आईने टँकरच्या गोड्या पाण्याचे हंडे ट्रॅक्टरजवळ आणून ठेवलेत. रेडिएटरचं झाकण उघडंच आहे. मघाशी ती परत विचारून गेली, ओतू काय. मी सांगितलं, थांब, डमीच्या कडेचा गम अजून ओला आहे.

तो कालच सुकलाय, बाबा.