वॉरंटी संपल्यावर एकोणीस दिवसांनी

अण्णा, आज नऊ जून, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. दिंडोशीच्या गॅरेजसमोर एका पालथ्या डब्यावर बसून लिहितो आहे. मेकॅनिक आठला शटर उघडतो. मी सातलाच येतो, कारण माझ्या पाठीमागे गाडीला कोणी हात लावलेला मला चालत नाही. याचं कारण तुम्हाला सांगायला नको.

गाडी म्हणजे व्हॅन. तुम्ही गेल्यावर तुमच्या फंडाचे पैसे आले, त्यात कर्ज घालून मी ती कोरी घेतली आणि शाळेची सात मुलं धरली. वॉरंटी दोन वर्षांची. ती दहा एप्रिलला संपली आणि एकोणतीस एप्रिलला, पवईच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये खालून खडखड सुरू झाली. मी क्लच दाबला, दुसरा टाकायला गेलो, तर दांडा नुसताच हलत राहिला. मागे विमानतळावर जाणारं कुटुंब होतं. त्यांना रिक्षात बसवून दिलं, भाडं घेतलं नाही. कडेला उभा राहून मी मोबाइलवर दिवस मोजले. एकोणीस. तेव्हाच माझी खात्री झाली की हे असं ठरवूनच बनवतात. वॉरंटीच्या दिवसांपुरतंच लोखंड घालत असतील.

पंधरा तारखेला शाळा उघडते. तोवर व्हॅन उभी राहिली नाही तर पालक दुसरा व्हॅनवाला बघतील, आणि एकदा गेलेलं मूल वर्षभर परत येत नाही. मला दुसरं काही येत नाही, अण्णा. दहावी सुटली तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, स्टिअरिंग नीट धर, ते कोणाला मार्कशीट विचारत नाही.

शोरूममध्ये काउंटरवर एक मुलगी होती, माझ्याच वयाची. मी सगळी कागदपत्रं तारखेप्रमाणे लावून नेली होती. ती म्हणाली, "सर, वॉरंटी तर संपलीय. पण थोडेच दिवस झालेत ना, आपण कंपनीला रिक्वेस्ट टाकू. कधी कधी निम्मा खर्च देतात." मग तिने सर्व्हिसचं पुस्तक उघडलं. "पहिली फ्री सर्व्हिस इथे झालीय. दुसरी, तिसरी कुठे केलीत?"

"बाहेर," मी म्हणालो.

"पण सर, फ्री होत्या."

"म्हणूनच," मी म्हणालो.

तिला कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी व्हॅन टो करून इथे आणली.

लहानपणचा तो दिवस मला अजून दिसतो. तुमचा दुधाचा टेम्पो आरेच्या बाहेरच्या एका गॅरेजात खोललेला आहे. मी अकरा वर्षांचा. तुम्ही मला राखण बसवून मालकाला फोन करायला गेला आहात, आणि मी समोर उसाचा रस प्यायला जातो. दहाच मिनिटं. रात्री टेम्पो सुरू होत नाही. बॅटरी बदललेली असते, नवीच्या जागी कुठलीतरी जुनी. तुम्ही मला मारलं नाहीत. म्हणालात, "गोड लागला ना रस? आता जन्मभर चव राहील." मालकाने ती बॅटरी तुमच्या पगारातून कापली. तेव्हापासून गाडी गॅरेजात द्यायची झाली की तुम्ही आईची नखपॉलिशची बाटली घेऊन निघायचा आणि प्रत्येक बोल्टावर एकेक ठिपका द्यायचा. बोल्ट फिरला तर ठिपका तुटणार. आई म्हणायची, "माज्या नखांक कधी लावची? बोल्टाक लावन संपली." मीही शिकलो. फुकट काम म्हणजे आत काहीतरी काढून घेतात, हेही तिथेच शिकलो.

इथेही मी ठिपके दिले. मेकॅनिक सातारकडचा, पन्नाशीचा. खाली सरपटत गेला आणि तिथूनच ओरडला, "आयला, टिकल्या लावल्यास काय रे हिला? लग्न ठरलंय वाटतं पोरीचं!" काल दुपारी त्याने गिअरबॉक्स माझ्यासमोर खोलला आणि झाकणात बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बोट कोरडं.

"ऑइलचा थेंब नाही. हे बघ, चाकाकडच्या दांड्याचं सील, ऑइल अडवणारं रबर, कापलं गेलंय. तिथनं हळूहळू सगळं गळलं, मग बेअरिंग जळलं, मग दात गेले. अडीचशे-तीनशेचं सील असतंय हे. फ्री सर्व्हिसला गाडी वर उचलली असती तर पहिल्या नजरेत दिसलं असतं. तू बाहेर कुठं केलीस?"

"नाक्यावर. इंजिन ऑइल बदललं. मी समोर उभा होतो."

"समोर उभा होतास, खाली वाकला होतास का?" मग म्हणाला, "पार्किंगमध्ये डाग पडत नव्हता?"

पडत होता, अण्णा. मार्चपासून पडत होता. मी त्याभोवती खडूने रेघ मारायचो, दर रविवारी, वाढतो का बघायला. शेजारच्या जागेत तळमजल्यावरच्या काकांची रिक्षा लागते. नवी गाडी गळत नाही, म्हणजे डाग रिक्षाचा, असं मी धरून चाललो. फोटो काढले, तारखा घातल्या, सोसायटीला दोन पानी तक्रार दिली. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, शिमग्यात माझी रिक्षा पंधरा दिवस बोरिवलीला मेव्हण्याकडे होती. तेव्हा डाग काय तिच्या भुताने पाडला? तुझी व्हॅन मुततेय रे बाबा, खाली वाकून बघ." लोक हसले. मला वाटलं, हा माणूस आधीच उत्तर ठरवून आलाय. मी वाकलो नाही. तक्रार नीट लिहिलेली होती म्हणून कमिटीने त्यांनाच पाचशे रुपये दंड लावला, आणि त्यांनी तो भरला.

तेव्हा वॉरंटीचे निदान वीस दिवस शिल्लक होते.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुमची बॅटरी खरंच चोरली होती. पण माझ्या गाडीतलं कोणी काही काढलं नाही, आणि मी मात्र सगळ्यांकडे बघत राहिलो, एक गाडीखाली सोडून.

मेकॅनिक म्हणतो परवा चालू होईल. म्हणजे पंधराच्या आधी. खर्च असा: टो बावीसशे, शोरूमची तपासणी आठशे पंच्याऐंशी, मेकॅनिकचे अडतीस हजार. त्यातले त्याला वीस हजार दिले, अठरा हजार द्यायचे. काकांचे पाचशे द्यायचे.

एक रक्कम राहिली. एप्रिलमध्ये गाडी बंद पडल्यावर मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं की कंपनीने मला फसवलं. सुबक लिहिलं होतं, एकही चूक नव्हती. वाचून पाच घरांनी जूनची फी आगाऊ पाठवली, बावीसशेप्रमाणे अकरा हजार. मेकॅनिकला दिलेल्या वीस हजारांत ते गेले. काल खरं कळल्यावर मी ग्रुप उघडला, दोन ओळी टाइप केल्या आणि पुसल्या. आज सकाळी एका आईचा मेसेज आला आहे, "काळजी करू नकोस, आम्ही तुझ्याच व्हॅनची वाट बघू." मी तिला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बाकी काही लिहिलं नाही.