आठ गिरक्यांचा नियम

२ मार्च, सोमवार

आज पुन्हा दार आतून बंद! लेकीच्या खोलीचं. लेक शिकायला परगावी, खोली रिकामी, आणि आमचे कॅप्टनसाहेब सुट्टीच्या दिवशी तिथे कोंडून घेतात. विचारलं तर म्हणे, "तिच्या कॉम्प्युटरवर गेम खेळतोय. विमानाचा." एकावन्न वर्षांचा घोडा! आठवड्याचे पाच दिवस खरं विमान उडवणारा माणूस सुट्टीला खोटं विमान उडवतो — कोण विश्वास ठेवेल? मी तरी नाही.

दाराला कान लावला. लाज वाटली नाही. आत हा कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता — "सावकाश... डोळे मिटू नकोस... झालं, झालं." माझ्याशी या सुरात शेवटचं कधी बोलला ते आठवत बसले. आठवलं नाही.

बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक. तोंड धुतलेलं, केस ओले. "काय झालं?" "कुठे काय?" झालं बोलणं.

४ मार्च, बुधवार

हा ड्युटीवर. झाडू मारायच्या निमित्ताने खोलीत शिरले. की-बोर्डखाली एक छोटी वही. तारखा, आणि पुढे आकडे. १२. ११. ९. ९. मग ६ — आणि सहापुढे फुली. नंतर ७ — फुली.

फुलीचे दिवस घरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिले. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी साहेबांनी पोट बिघडल्याचं सांगून रजा टाकलेली! आणि दोन्ही दिवशी मी चष्म्याच्या दुकानात कामावर, घर मोकळं. आता मला सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे?

कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर त्याचं गेममधलं नाव. गरुड५१! घरात उडालेला बल्ब बदलायला याला चार दिवस लागतात. म्हणे गरुड.

ताईला फोन केला. ती हसत सुटली. "तुला मेलं लहानपणापासून सगळ्यांचाच संशय. माझ्या लग्नात तू आचाऱ्याच्या पातेल्यात डोकावत होतीस." डोकावत होते. आणि मीठ कमी होतं!

५ मार्च, गुरुवार

ठरलं. खेळात शिरायचं आणि तिथेच पकडायचं. तिथे म्हणे कुणीही कुणाबरोबर उडतं, लिहून गप्पाही मारतं. दुकानात काउंटरवर बसणारी मुलगी या गेमची पक्की जाणकार. तिला म्हटलं, वेळ जात नाही. तिने मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर मला खातं उघडून दिलं — भिंगं घासायच्या मशीनशेजारी. गुरुवारी साहेबांची सुट्टी, आणि दुपारी मालक तासभर जेवायला घरी जातात, तेवढा वेळ माझा.

नाव घेतलं पाकोळी.

पहिल्या तासात अकरा वेळा समुद्रात पडले. गरुड दिसला, पण तो केव्हाच ढगांच्या वर.

१२ मार्च, गुरुवार

सापडला! मी त्याच्या मागे मागे. एकटाच होता. बराच वेळ थांबले, कुणी आली नाही. तो नुसता गिरक्या मारत होता — विमान आडवं, मग उलटं, मग परत सरळ. पुन्हा. पुन्हा. मोजल्या. आठ झाल्यावर थांबला आणि कितीतरी वेळ सरळ जात राहिला.

मग त्याचीच अक्षरं उमटली — "नवीन दिसता. शिकायचंय?"

लिहिलं, हो.

"नाक आधी थोडं वर घ्या. मग काठी पूर्ण डावीकडे. उलट्या झालात की घाबरून ओढायचं नाही. ओढलं की सरळ जमिनीत. तिथे हलकेच पुढे ढकलायचं."

ओढलंच मी. जमिनीत! तर म्हणतो, "सगळ्यांचं असंच होतं. पुन्हा करू." गाडी शिकवताना मी एकदा क्लच लवकर सोडला होता, तर घर येईपर्यंत तोंड फुगवून बसला होता हाच माणूस. अनोळखी बाईशी बघा कसा मध!

१९ मार्च, गुरुवार

आज जमली!! अख्खी गिरकी — आकाश पायाखाली, समुद्र डोक्यावर, आणि परत जागच्या जागी. खुर्चीतल्या खुर्चीत ओरडले. काउंटरवरची धावत आली. म्हटलं, बोटाला भिंग लागलं.

तो म्हणाला, "शाब्बास." लग्नाला तेवीस वर्षं झाली. हा शब्द याला येतो हे आज कळलं.

मग दोघं शेजारी शेजारी गिरक्या मारत गेलो. किती छान वाटलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार? आणि लगेच मस्तकात तिडीक. कुण्या पाकोळीबरोबर हा एवढा खुशीत का? मला पाकोळीचा मत्सर वाटतोय. डोकं फिरायची वेळ आली आहे.

मुद्दाम खडा टाकून पाहिला — "घरी कोण कोण?"

"बायको. मुलगी बाहेर शिकते."

"बायको कशी आहे?"

त्याने आधी एक गिरकी मारली. मग — "हुशार. तिला सगळं कळतं. तीच तर पंचाईत आहे."

२६ मार्च, गुरुवार

शब्द न शब्द लिहून ठेवते.

मीच विचारलं, "इतक्या गिरक्या कशासाठी?" वाटलं, टाळेल. टाळलं नाही. अनोळखी माणसाला सांगायला बरं असतं म्हणाला.

चार महिन्यांपासून याला चक्कर येते. कान वाजतात, आणि मग सगळं गरगरतं. डॉक्टरकडे गेला तर कागदावर येणार. कागदावर आलं की विमान बंद. म्हणून स्वतःच तपासणी शोधून काढली. सुट्टीच्या दिवशी मोठ्या पडद्यावर सलग बारा गिरक्या मारायच्या. ज्या गिरकीला खोली फिरायला लागते, तो आकडा वहीत. आठ किंवा वर गेलं, तर दुसऱ्या दिवशी कामावर. आठाच्या खाली आलं, तर रजा. फुली!

"डोळे मिटू नकोस" म्हणत होता ते स्वतःलाच. मी मेली काय काय समजून बसले होते.

रडायलाच आलं. सुटल्यासारखं वाटलं म्हणून, आणि भीतीने. पण पुढची ओळ आली — "रजा फार झाल्या. लोक विचारायला लागले. आठाचा नियम मोडला. आता पाच ठेवलेत."

पाच!

नऊ प्रवाशांचं छोटं विमान आणि चालवणारा हा एकटा. शेजारी दुसरं कुणी नसतं. लिहिलं, "तुमच्यामागे नऊ माणसं बसतात." तो म्हणाला, "अजून कधी काही झालेलं नाही." मी म्हटलं, "बायकोला सांगा." तर म्हणाला, "तिला कळलं तर ती मला जाऊ देणार नाही."

मालक आले. बंद करावं लागलं.

२७ मार्च, शुक्रवार

जेवताना सरळ विचारलं. "तुला बरं वाटत नाही का? कान वगैरे?" ताटातून मान वर न करता म्हणाला, "मला काय धाड भरलीय?"

इतकं सराईत खोटं! तेवीस वर्षं मी नको तिथे संशय घेत आले, आणि खरं खोटं माझ्यासमोर बसून भात कालवत होतं.

३० मार्च, सोमवार

दुकान बंद, मी घरी. दाराबाहेर उभी राहिले. आता कान लावायचीही गरज नव्हती, तो मोठ्याने मोजत होता. तीन. चार. पाच — आणि खुर्ची पडल्याचा आवाज. नंतर ओकाऱ्या.

भिंतीला धरून बाहेर आला. मला बघून हात पटकन खिशात घातला. "उद्या पहाटे ड्युटी आहे. डबा नको." म्हटलं, "उद्या राहू दे ना. घरी थांब." "का?" मी काय सांगणार होते? पाकोळीने सांगितलं म्हणून?

वही पाहिली. ५. फुली नाही.

ताईला सगळं सांगितलं. आज हसली नाही. "बोललीस तर त्याला मारल्यासारखंच आहे. उडण्याखेरीज त्याला दुसरं आहे काय?" म्हणाली. खरं आहे. खोटं काहीच बोलली नाही ताई.

पण ते नऊजण कोण असतील? कुणाच्या तरी बायका असतील, कुणाच्या लेकी.

३१ मार्च, मंगळवार

हा घरातून निघाला आणि मी कंपनीच्या डॉक्टरांना फोन केला. माझं नाव विचारलं, सांगितलं नाही; त्याचं सांगितलं. सगळं सांगितलं — चक्कर, ओकाऱ्या, वही, आठाचे पाच. ते एवढंच म्हणाले, "विमान सुटायला अजून चाळीस मिनिटं आहेत."

नऊ वाजता परत आला. गणवेशातच. "विमानात बिघाड निघाला," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. चादर घातली अंगावर.

१ एप्रिल, बुधवार

तपासण्या. मला सांगितलं, मीटिंग आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

आज त्याने सगळं सांगितलं. मला! स्वयंपाकघरात, माझा हात घट्ट धरून. कान, चक्कर, गिरक्या, वही. परवाना कायमचा गेला. लहान मुलासारखा रडला. चुगली कुणी केली तेही म्हणे त्याला ठाऊक आहे — गेममधली एक बाई. "एका परक्या बाईवर विश्वास टाकला गं. तुलाच सांगायला हवं होतं. आता या जगात फक्त तुझ्यावर विश्वास."

मी "हं" म्हटलं.