जनरलसाहेबांची उंची

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल शाळेची सहल घेऊन तुझ्या जनरलसाहेबांच्या बालपणीच्या घरी आलो. तू नेमकी रजेवर. तुझ्या जागच्या बाईंनी साहेबांचा पलंग, दौत, एवढंच काय, ते रुसून बसायचे तो कोनाडाही दाखवला. तिथवर ठीक होतं. पण स्वयंपाकघराच्या दाराशी माझं डोकंच फिरलं. चौकटीवर काच, वर दिवा, खाली पाटी: ‘जनरलसाहेबांची उंची, वय वर्षे नऊ.’ अगं, ती तुझी उंची!

साहेबांचं कुटुंब गेल्यावर आपण तिथे अकरा वर्षं भाड्याने राहिलो. आई दर वर्षी आपल्या दोघांना त्या दारात उभं करून सुरीने खुणा करायची, हे विसरलीस? सहा वर्षं तिथे नोकरी करतेस आणि लोकांना हे ऐकवतेस? मी इतिहासाचा शिक्षक आहे. चाळीस मुलांनी तुझी उंची वहीत उतरवून घेतली. स्मारकाच्या समितीला कळवणार आहे, रागावू नकोस.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझा धाकटा

दि. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

विसरेन कशी रे? घर समितीकडे आलं नि मी नोकरीला लागले तेव्हा सुतार रंधा घेऊन त्या चौकटीपाशी बसला होता. खुणा तासून पॉलिश करायचं ठरलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की थांबा, त्या साहेबांच्या आहेत. सुताराने रंधा खाली ठेवला, अध्यक्षांनी चष्मा चढवला, आणि आठवड्यात काच आली.

आईचा एक धड फोटो आपल्याकडे नाही. तिच्या हातचं म्हणून तेवढंच उरलंय. रोज सकाळी ती काच मी स्वतः पुसते. तू खरं सांगितलंस तर नोकरी जाईल, ती एक वेळ जाऊ दे. पण चौकट दुसऱ्या दिवशी तासतील. तुझा खरेपणा जरा दप्तरात ठेव.

थोरलीचं एकदा तरी ऐकावंस, एवढंच मागणं.

ताई

दि. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच समितीला माझं पत्र गेलं होतं. म्हणून तर काल समितीने मला त्या घरी बोलावलं आणि तुला बाहेर बसवलं. तुझ्याशी न बोलताच निघालो, म्हणून हे पत्र.

आत मी सांगितलं की उन्हाने माझा गोंधळ झाला, आम्ही राहायचो ते शेजारचं घर. खुणा अभ्यासाअंती साहेबांच्याच ठरतात. तसं लिहूनही दिलं. सगळे खूश. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, मग त्या खुणांशेजारची बुटकी रांग कुणाची? म्हणजे माझी. मी म्हटलं, साहेबांच्या धाकट्या भावाची. साहेबांना भाऊ होता हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल कोण करणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं पुढे काय झालं, असं विचारल्यावर विषय मिटावा म्हणून सांगितलं की लहानपणीच गेले.

लगेच अख्खी समिती दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिली. मलाही राहावं लागलं. समोरच ते दार. आई सुरी घेऊन माझं डोकं दाबतेय, टाचा खाली ठेव म्हणतेय, असं वाटलं आणि मला खरंच रडू फुटलं. अध्यक्षांनी पाठीवर हात ठेवला. इतिहासावर एवढी माया असलेला माणूस पाहिला नाही, म्हणाले.

चौकट राहिली, तुझी नोकरीही राहिली. आता माझ्या रांगेवरही काच येणार आहे, तीही पुसत जा. लोभ होताच, आता जरा जास्त असावा.

समितीच्या लेखी कैलासवासी,
तुझा धाकटा